दीड तिकीट

सकाळी सहा-दहाची गाडी, अंबडहून.
पाटीवर शहराचं नवं नाव, माझ्या तोंडात जुनं;
कंडक्टर दोन्हींना तेवढ्याच पैशांचं तिकीट देतो.
माझं अर्धं, बाईमाणूस म्हणून.
विश्वंभरचं पूर्ण.
मिळून दीड माणूस निघालो आम्ही
एका दिवसापुरते.

शेजारची कौसाबाई कालपासून विचारत होती, कोणाचं काय दुखतंय?
आमच्या गल्लीतनं शहराला जातात ते दवाखान्यासाठी,
नाहीतर कोर्टाच्या तारखेला.
मी म्हणाले, उगीच चाललोय.
तिनं माझ्या पिशवीकडं पाहिलं,
आत एक्स-रे असावा असं.

पिशवीत सहा भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली
आणि त्याचा एक जास्तीचा शर्ट.
कामून, विचारलं,
तर नुसताच हसला.

पाचोडला मोसंबीचे ढीग.
त्यानं खिडकीतून भाव केला, तीन वेळा उतरवला,
आणि घेतली नाही.
आडूळला अर्धी बस उतरली, तितकीच चढली.
एका पोराचं कोंबडं माझ्या पायाशी.

तीन वर्षं होता तो या शहरात.
दर महिन्याला पैसे यायचे, बोटांना सिमेंट घेऊन तो सणाला यायचा.
एकदा फोनवर विचारलं होतं, मकबरा कसा आहे हो?
म्हणाला होता, पांढरा असंल.

पाणचक्कीला आत गेलो. तिथं अर्धं तिकीट नसतं.
हौदात मासे, जाड, निवांत,
जन्मात कुठं जायची घाई नसलेले.
मी भाकरीचा तुकडा टाकला.
बाजरी खातात, शहरातले असून.

मकबरा बाहेरूनच पाहिला, रांग मोठी होती.
तो झाडाखाली उभा राहून बराच वेळ बघत राहिला.
"पांढराच हाये," म्हणाला,
एक हिशेब जुळल्यासारखा.

मग म्हणाला, आता माझं दाखवतो.

बीड बायपासला रिक्षातून उतरलो, शेअरिंगची, दहा-दहा रुपये.
चहाच्या गाड्यामागं जाऊन त्यानं शर्ट बदलला.
सात मजली इमारत. फाटकावर वॉचमन.
"कोणाकडं जायचंय?"
"चारशे दोन."
"नाव?"
"नाव नाही माहीत," विश्वंभर म्हणाला,
"मोरी माहीत हाये."

वॉचमन वडीगोद्रीचा निघाला.
वर नाही सोडता येत, म्हणाला, पण खालचं बघा.

चप्पल बाहेर काढली त्यानं.
मला वाटलं, आता काही सांगेल मोठं.
तो उकिडवा बसला, फरशीवर हात फिरवत.
"हितं उतार दिलाय. बादली सांडली तरी पाणी थांबायचं नाही.
आन् ही कोपऱ्यातली. कापताना तडकली होती.
दुसरी नव्हती, तशीच बसवली. दिसती का?"
मी वाकले. नाही दिसली.
त्यानं माझं बोट धरून रेघेवर ठेवलं.
केसाएवढी. गार.

लिफ्टमधून एक बाई उतरली, फोनवर बोलत,
बरोबर त्याच फरशीवर पाय देऊन गेली.
आम्ही दोघं बघत राहिलो, पाय नाही, फरशी.

आमच्या घरी शहाबादी आहे. तीही दारापर्यंतच.

वॉचमनच्या खोलीत तिघांनी भाकरी खाल्ली.
ठेच्यानं त्याच्या डोळ्यात पाणी आलं,
गावाकडचाच हाये म्हणाला, आणि अजून घेतला.

परतीच्या बसमध्ये मी हिशेब मांडला.
पाचशेच्या नोटेतून थोडे उरले.
विश्वंभर झोपला होता माझ्या खांद्यावर, नव्या शर्टात,
पूर्ण तिकिटाचा माणूस, पूर्ण वजनाचा.

रात्री कौसाबाई दारातच उभी.
"काय म्हणाले डॉक्टर?"

मी म्हणाले, उतार चांगला आहे.
पाणी थांबत नाही.